आधी अक्कलकोटला जाऊन या

‘ताई, माझं लग्न नोंदणी पद्धतीने झालं. हुंडा, मानपान, वाजंत्री असलेल्या लग्नाला जायचं नाही, हे तेव्हापासूनचं तत्त्व. पत्नीनेही ते पाळलं, अक्कलकोटला माहेरच्या लग्नांनाही गेली नाही. आता मुलीचं लग्न ठरलंय. मुलाकडच्यांनी हुंडा मागितला नाही, खर्च निम्मा-निम्मा. पण हळदीला डीजे आणि होटगी रोडला रिसेप्शन हवंच म्हणतात. मी हळदीला येणार नाही असं सांगून टाकलंय. जमाना बदलला म्हणून माणसाने तत्त्व सोडायचं का?’
– एक वाचक, जुळे सोलापूर

दादा,

डीजेचं नंतर बघू. मी अडलेय ती तुमच्या पत्नीबद्दलच्या त्या एका ओळीपाशी. तुम्ही लग्नांना गेला नाहीत, तो तुमचा निर्णय. पण भावाच्या मुलांना हळद लागली तेव्हा त्यांची आत्या कुठे होती? अक्कलकोट काही परमुलूख नाही, एसटीने तासाभराची वाट. लग्न उरकल्यावर भावजयीने बुंदीचा पुडा पाठवला असेल, तो तुमच्या ताटात वाढताना त्या काही बोलल्या नसतील, आणि तुम्हाला वाटलं, पटलंय. तत्त्व तुमचं आणि झळ त्यांना! राग आला मला, खरंच.

संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सम्मती कट्ट्यावर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाच्या लग्नाला अक्षता टाकायला अख्खं सोलापूर लोटतं. त्याच गावातल्या या बाईला स्वतःच्या भाच्यांवर अक्षता टाकता आल्या नाहीत.

हुंडा घ्यायचा-द्यायचा नाही, हे तत्त्व. त्यासाठी भांडलात तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. १९६१ चा कायदा असूनही ‘मुलीला काय घालणार?’ असं गोड बोलून विचारणारे आजही भेटतात. तुमच्या व्याह्यांनी तेही विचारलं नाही, वर निम्मा खर्च उचलला. जन्मभर ज्याचा आग्रह धरलात ते न मागता घरात आलंय, आणि तुम्ही स्पीकरवर अडून बसलात. आवाज कमी ठेवा, एवढं व्याह्यांना सांगता येतं. रात्री दहाला तर तो कायद्यानेच बंद करावा लागतो.

या रविवारी दोघं अक्कलकोटला जा. घराबाहेरची पहिली पत्रिका मेहुण्यांच्या हातात द्या. तुम्ही स्वतः म्हणा, ‘मुलीला मांडवात तुम्हीच आणायचं.’ ते चार शब्द सुनावतील, ऐकून घ्या. हळदीला जायचं की नाही, ते परतल्यावर पत्नीला विचारा आणि या खेपेला त्या म्हणतील तसं करा.