कच्छहून आणलेला हा बोराएवढा, दोन झडपांचा जीवाश्म शिंपल्याचाच आहे का? पुण्यात कुणाला दाखवू?

फोटोवरून मला तो शिंपला वाटत नाही, ब्रॅकिओपॉड वाटतो, म्हणजे शिंपल्यासारखाच दोन झडपांचा, पण वेगळ्या गटातला समुद्री प्राणी. कच्छच्या ज्युरासिक थरांत ते भरपूर सापडतात. खात्री घरीच करता येईल. एक झडप समोर धरून मधोमध उभी रेघ कल्पा. डावी-उजवी बाजू सारखी, पण वरची आणि खालची झडप लहानमोठी असेल, तर ब्रॅकिओपॉड. शिंपल्यात बहुधा उलट असतं: दोन्ही झडपा एकमेकींचं प्रतिबिंब, पण प्रत्येक झडप एका बाजूला कललेली. कालवं मात्र हा नियम पाळत नाहीत. मग भिंगाने चोच, म्हणजे झडपा जुळतात तिथलं निमुळतं टोक, पाहा. मोठ्या झडपेच्या चोचीशी बारीक गोल भोक दिसलं तर शंका उरत नाही. त्यातून देठ बाहेर येऊन प्राणी खडकाला चिकटायचा.

व्हिनेगर कृपया लावू नका, कवच कॅल्साइटचं असतं, विरघळेल. पाणी आणि जुना टूथब्रश पुरे.

आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत जीवाश्मांवर काम चालतं, तिथे विचारा. जाताना नेमकं गाव आणि थर लिहून न्या, त्याशिवाय प्रजातीपर्यंत पोचणं फार अवघड.