स्क्रीनवरचा पसारा आवरू कसा?

प्रश्न: मी कोपरखैरण्यात एका सीएंकडे कामाला आहे, अर्धे दिवस घरूनच. ११ तारखेच्या आत सगळ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायचं आणि लॅपटॉप तर एवढासा. टॅली, एक्सेल, पोर्टल, व्हॉट्सॲप सगळं एकदम उघडं, क्रोममध्ये टॅब इतके की नावंच वाचता येत नाहीत, डेस्कटॉपवर आयकॉनची जत्रा. आकडे टाकता टाकता लक्ष उडतं आणि कुठल्या बिलावर होते तेच आठवत नाही. सगळं डिलीट मारू का?

उत्तर: नका हो ताई, ऐन रिटर्नच्या गडबडीत डिलीट-बिलीट काही करू नका, नेमकी तीच एक्सेल शीट दुसऱ्या दिवशी लागते. आयकॉनचा एवढा त्रास नसतो खरं तर, काम करताना ते खिडक्यांच्या मागेच असतात. तरी डोळ्यांत खुपत असतील तर डेस्कटॉपवर राइट क्लिक, व्ह्यू, आणि शो डेस्कटॉप आयकॉन्सची टिक काढा, फाइली जागेवरच राहतात, फक्त दिसत नाहीत.

लक्ष खातं ते हलणारं, लुकलुकणारं. कोपऱ्यातून वर येणारा मेलचा चौकोन, टास्कबारवर चमकणारं बटण, व्हॉट्सॲपच्या टॅबवर वाढत जाणारा आकडा, आधी यांचा बंदोबस्त करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या सिस्टिममध्ये नोटिफिकेशन्स आहे, तिथं डू नॉट डिस्टर्ब चालू करा. पण त्याने टॅबवरचा आकडा जात नाही, म्हणून व्हॉट्सॲपचा टॅब सरळ बंदच करायचा, क्लायंट बिलं त्यावरच पाठवतात हे मान्य, पण एका पार्टीचं काम झालं की उघडून बघितलं तरी चालतं, अर्जंट असेल तर ते फोन करतातच.

आता उरलेल्या खिडक्या. विंडोज की, कंट्रोल आणि डी एकदम दाबा, कोरा डेस्कटॉप मिळतो (विंडोज १० मध्येपण चालतं). त्यात फक्त पोर्टल आणि एक्सेल उघडायचं, विंडोज की आणि डावा-उजवा ॲरो वापरून दोन्ही शेजारी-शेजारी लावायचं. मेल वगैरे पहिल्या डेस्कटॉपवर राहू द्या, विंडोज, कंट्रोल आणि ॲरोने ये-जा करता येते. एक्सेलमध्ये कंट्रोल एफ१ दाबलं की वरची रिबन (बटणांची पट्टी) मिटते, छोट्या स्क्रीनवर तेवढ्यानेपण चार ओळी जास्त दिसतात.

टॅब बंद करायचा जीव होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट, डी दाबून सगळे एकदम बुकमार्कच्या फोल्डरमध्ये टाका, फोल्डरला महिन्याचं नाव द्या आणि मग बिनधास्त बंद करा.