वाढत्या विद्यापीठाचा ३० वर्षांचा आराखडा करताना किती विद्यार्थी धरावेत आणि इमारतींसाठी किती जागा राखावी?

विद्यार्थीसंख्येचा आकडा कोणताही धरला तरी तो चुकणार आहे, म्हणून त्यावर फार डोके शिणवू नये. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि गणेशखिंडीतील गव्हर्नरचा जुना बंगला त्याची मुख्य इमारत झाला, तेव्हा आज ४११ एकरांच्या त्या आवारात संगणकशास्त्राचे आणि जैवतंत्रज्ञानाचे विभाग असतील किंवा १९८८ मध्ये ‘आयुका’सारखी खगोलशास्त्राची संस्था तेथे येईल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसणार. विभाग निघतात, बंद पडतात, एकमेकांत विलीन होतात. आराखड्यात आज चौकोन काढून त्यावर ‘नियोजित इमारत’ लिहिणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

तरीही आकडा हवाच असेल, तर एकूण किती जण प्रवेश घेतील यापेक्षा रात्री आवारात किती जण राहतील, हे विचारावे. दिवसा येऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी रोज ४५ लिटर आणि वसतिगृहातील विद्यार्थ्यासाठी १३५ लिटर पाणी धरण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे विद्यापीठाच्या वाढीवरून शहराशी झालेला वादही शेवटी इथेच येऊन ठेपला होता. शहराबरोबर २००८ मध्ये झालेल्या तडजोडीत विद्यापीठाने विद्यार्थीसंख्या १९,५०० च्या मर्यादेत ठेवण्याचे आणि वाढीव विद्यार्थ्यांपैकी दोन-तृतीयांश जणांच्या निवासाची सोय स्वतः करण्याचे मान्य केले.

जागा राखायची ती इमारतींसाठी नव्हे, जमिनीखालच्या वाहिन्यांसाठी. एका राज्य विद्यापीठाच्या बांधकाम विभागात उपअभियंता म्हणून माझी नोकरी झाली. (विद्यापीठाचे नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.) आवाराच्या आराखड्यात आम्ही जुन्या वसतिगृहांमागून ओढ्याकडे उतरणारा बारा मीटर रुंदीचा एक पट्टा मोकळा ठेवला होता. पाण्याची मुख्य वाहिनी, सांडपाण्याची वाहिनी, उच्चदाबाची केबल आणि पुढेमागे झालाच तर एक रस्ता, एवढे सगळे त्यातून जायचे होते. इमारत व बांधकाम समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा कपाळावर सरकवून नकाशावर बोट ठेवले आणि म्हणाले, “साहेब, इथे तर काहीच नाही!” रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असे त्यांचे ठाम मत होते. प्रवेशद्वारापासून जवळ आणि आयती मोकळी असल्यामुळे ती अतिथिगृहाला देण्यात आली. मी लेखी हरकत नोंदवली. इतिवृत्तात तिची ‘नोंद घेण्यात आली’.

पुढे त्याच बाजूला, अतिथिगृहाच्या पलीकडे, मुलींचे नवे वसतिगृह मंजूर झाले. सांडपाण्याच्या पाईपला शंभर मीटरमागे एक मीटर उतार धरला, तर तीनशे मीटर लांबीला तीन मीटर खोली लागते, आणि अतिथिगृहाला वळसा घालून जाताना लांबी वाढल्यामुळे वाहिनीचा तळ ओढ्याकाठच्या मुख्य चेंबरपेक्षा खाली जाऊ लागला. मग टाकी बांधून त्यात पंप बसवावे लागले. जे पाणी आपोआप वाहून गेले असते, ते तेव्हापासून वीज खर्चून वर उचलले जाते. वीज गेली आणि जनरेटरमध्ये डिझेल नसले, की टाकी तुंबते, आणि एका परीक्षेच्या काळात तळमजल्यावरील न्हाणीघरांतून घाण पाणी उलटे वर आले, तेव्हा उत्तर द्यायला ना ते सदस्य होते, ना अतिथिगृहात उतरलेले पाहुणे. फावडे घेऊन आमचा फिटर उतरला होता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आराखड्यात सर्वप्रथम उतार, ओढे आणि वाहिन्यांचे पट्टे आखून व्यवस्थापन परिषदेच्या ठरावाने गोठवावेत. त्यांवर बांधकाम सुचवणाऱ्याने वाहिन्या हलवण्याचा आणि पुढील पंपिंगचा खर्च त्याच प्रस्तावात दाखवावा, अशी अट घालावी. ही अट तेव्हा असती, तर अतिथिगृहाचा प्रस्ताव पहिल्याच बैठकीत बारगळला असता. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यातील ‘बृहत् आराखडा’ हा महाविद्यालये कोठे हवीत यासाठी असतो. तो झाला म्हणजे आवाराचे नियोजन झाले, असे समजणारे अधिकारीही मी पाहिले आहेत. जमिनीखाली काय कोठे आहे याचा नकाशा बहुधा कोणाकडेच नसतो, तेव्हा व्हॉल्व्हच्या जागा पाठ असलेला फिटर निवृत्त होण्याआधी त्याला सोबत घेऊन हा नकाशा काढून घ्यावा.

इमारतींना किती एकर, हे सांगणे जमिनीचा उतार आणि पाण्याचा स्रोत पाहिल्याशिवाय शक्य नाही. आणि त्या सदस्यांचे एक म्हणणे मला आजही खोडता येत नाही: मोकळ्या पट्ट्यावर अतिक्रमण होते. त्यामुळे पहिल्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात कुंपणाची तरतूद करावी, आणि पट्ट्यात झाडे लावायचीच असतील तर वड-पिंपळ लावू नयेत, त्यांची मुळे पाईपांच्या सांध्यांत शिरतात.