घरी राहून बी.ए. होतं का, आणि ते नोकरीत चालतं का?

प्रश्न असा आहे: सासर तासगाव तालुक्यात, 2013 साली बारावी कला शाखेतून झालेली, घरची द्राक्षबाग, दोन लहान मुलं. रोज कॉलेजला जाणं जमणार नाही. घरी राहून पदवी मिळेल का, आणि सरकारी भरतीत ती धरतात का?

ताई, दोन्हींचं उत्तर हो. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. मात्र विद्यापीठाला मान्यता असून भागत नाही. तुम्ही घेणार तो अभ्यासक्रम, तुम्ही प्रवेश घेणार त्या सत्रासाठी, आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरच्या यादीत असावा लागतो. पैसे भरण्याआधी ती यादी स्वतः उघडून बघा. आणि बारावी न करता थेट पदवी करून देतो असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. अशी पदवी पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत अडते. ज्या बहिणींची बारावीच राहिली आहे त्यांनी आधी राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी द्यावी.

पण प्रवेश खरा अडतो तो नावापाशी, आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. 2024 पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डीईबी आयडी (आयोगाच्या याच दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) लागतो, त्यासाठी आधी 12 अंकी एबीसी आयडी (शिक्षणाच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्याचा क्रमांक) काढावा लागतो, आणि तो आधारवरचं नाव उचलतो. नावं जुळली नाहीत की अर्ज तिथेच थांबतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुढे सरकतो आणि पदवी हातात आल्यावर घोळ उघड होतो. म्हणून ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच काढून घ्या. पुढे नोकरीचा विचार असेल तर नावातला बदल राज्य शासनाच्या राजपत्रात (गॅझेटमध्ये) छापून घ्या, असं माझं ठाम मत आहे. तो एकच कागद विद्यापीठ, बँक आणि भरती, तिन्हीकडे चालतो. आधारवरचं नाव घाईने बदलू नका, आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

दुसरी अडचण मोबाइलची. आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा वडिलांचा किंवा नवऱ्याचा असतो. प्रत्येक पायरीला ओटीपी येतो आणि नेमका तो माणूस बागेत फवारणीला गेलेला असतो. आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. ईमेलही स्वतःचाच हवा. नेट कॅफेवाला फॉर्म भरताना सोयीसाठी त्याचा ईमेल टाकतो, मग हॉल तिकीट आणि पासवर्ड सगळं त्याच्याकडे जातं.

आता विद्यापीठ. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ पहिलं बघा. स्थापना 1989 ची, पुस्तकं मराठीत, सांगली जिल्ह्याचं काम कोल्हापूर विभागीय केंद्राकडे. (ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ, ते आपल्याच देवराष्ट्र्याचे.) कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचंही दूरशिक्षण केंद्र आहे. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) चांगलं आहे, पण तिथे मुख्यतः इंग्रजी-हिंदीतून लिहावं लागतं. दहाहून जास्त वर्षांच्या खंडानंतर नवी भाषा आणि नवा विषय एकदम अंगावर घेऊ नये, असं मला वाटतं.

अभ्यासकेंद्र निवडताना घरापासूनचं अंतर तर बघाच, पण रविवारची संपर्कसत्रं (केंद्रावर भरणारे वर्ग) तिथे खरोखर होतात का, तेही आधीच्या विद्यार्थिनींना विचारा. परीक्षा केंद्र वेगळं येऊ शकतं. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा खर्चापेक्षा वेळेचा प्रश्न मोठा. सकाळच्या पेपरला पोहोचवणारी गाडी तुमच्या गावातून आहे का, हे आधी बघून ठेवा.

वेळेचा हिशेब मी इग्नूच्या मापाने सांगते, कारण ते स्पष्ट आहे: एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे 30 तास अभ्यास. सहा महिन्यांत 20 श्रेयांक घेतले तर 600 तास, म्हणजे रोज साधारण सव्वातीन तास. त्यात तुमची बाग. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकात बुडवणं) संपेपर्यंत पुस्तक उघडायला मिळणार नाही, आणि हिवाळी परीक्षा त्याच्या पाठोपाठ येते. म्हणून जुलैत प्रवेश झाला की पुस्तकांच्या पार्सलची वाट बघत बसू नका. ती उशिरा येतात. संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवा आणि सप्टेंबरअखेर गृहपाठ हातावेगळे करा.

गृहपाठाला कमी लेखू नका. नियमानुसार अंतर्गत मूल्यमापन 30 टक्क्यांपर्यंत असू शकतं. इग्नूत तर लेखी पेपर पास झाला तरी गृहपाठ दिला नसेल तर विषय अपुराच राहतो. जमा करताना पोच घ्या, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. परीक्षा फॉर्म वेगळा भरायचा असतो का, त्याची शेवटची तारीख कोणती, हे दर सत्राला बघा. प्रवेश फी भरली म्हणजे परीक्षेला आपोआप बसता येतं, या समजुतीपायी कितीतरी जणींचं सत्र वाया जातं.

फीबद्दल एक गैरसमज आहे. मुलींना 2024 पासून मिळालेली पूर्ण फीमाफी ही केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. दूरशिक्षणाच्या बी.ए.ला ती लागू आहे असं धरून पैशाचं गणित मांडू नका. आणि फी फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरा. कुणा क्लासवाल्याच्या खात्यावर एक रुपयाही टाकू नका. खासगी क्लासला विद्यापीठाचं केंद्र म्हणून चालवायला परवानगीच नाही.

बी.ए.नंतर शिक्षिका व्हायचा विचार असेल तर आत्ताच लक्षात घ्या, दूरशिक्षणाचं बी.एड. मुख्यतः सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी असतं. नर्सिंग आणि कायद्याची पदवीही दूरशिक्षणाने होत नाही. तलाठी, एमपीएससी यांतली वाट मात्र या बी.ए.ने उघडते. कागद गोळा करायला आजपासून लागा. विवाह नोंदणी आणि राजपत्र यातच दोन-तीन महिने सहज जातात.