वाचकांचे प्रश्न : हातची कला आणि नवे तंत्र

प्रश्न : माझे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवर हात बसलेला आहे, पण इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्या परत पाठवाव्या लागतात. पंचेचाळिशीत नव्याने शिकणे जमेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : निश्चित जमेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे प्रदूषण-मानक लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला, तरी आवाजावरून बिघाड ओळखणारा तुमचा कान वाया गेलेला नाही. उलट, गाडीतील बिघाडाची नोंद वाचणाऱ्या स्कॅनरवरचा कोड धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरकडे बोट दाखवत असला, तरी खरा दोष सायलेन्सरच्या गळक्या जोडात असू शकतो, हे अनुभवी कारागिरालाच चटकन उमगते. प्रथम स्कॅनर वाचायला आणि मल्टिमीटरने वायरिंग तपासायला शिकून घ्यावे. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी मात्र रीतसर प्रशिक्षणाशिवाय कृपया उघडू नये.