एकच शोधनिबंध, पण पूर्ण वाचलेला

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पाच जण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत आहोत. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकातील ‘वैद्यकीय संशोधन’ हा विभाग यंदा आमच्याकडे सोपवला आहे. आम्ही प्रतिजैविके, कर्करोग आणि लसीकरण या विषयांवर तीन लेख लिहिले. परंतु अंकाचे काम पाहणाऱ्या बाईंनी ते परत केले. अर्धा मजकूर पाठ्यपुस्तकातला वाटतो आणि अर्धा वर्तमानपत्रातल्या बातमीसारखा, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्यापैकी कोणी डॉक्टर नाही, कोणी संशोधनही केलेले नाही. मग आम्ही लिहायचे ते कोणत्या अधिकाराने, आणि सुरुवात कोठून करायची?
— बी.एस्सी. द्वितीय वर्ष, जि. सांगली

उत्तर : तुमच्या बाईंनी लेख परत केले याचे वाईट वाटून घेऊ नका, त्यांनी दोष नेमका दाखवला आहे. ‘कर्करोग’ हा एका लेखाचा विषयच होऊ शकत नाही. एवढा मोठा विषय हाती घेतला की लिहिणाऱ्याला तपशिलात उतरायला जागा राहत नाही आणि मग व्याख्या, प्रकार, लक्षणे, उपाय अशी पाठ्यपुस्तकी उतरंड आपोआप रचली जाते. माझे सांगणे एवढेच आहे की, तुम्ही एक शोधनिबंध निवडा, तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचा आणि त्या एकाच अभ्यासाविषयी लिहा. अधिकाराचा प्रश्नही त्यातच सुटतो. डॉक्टर नसलेल्या माणसाने उपचार सांगू नयेत हे खरेच. पण एखाद्या अभ्यासात कोणता प्रश्न विचारला गेला, तो कोणावर तपासला आणि काय आढळले, हे सांगण्याचा अधिकार तो अभ्यास नीट वाचलेल्या कोणालाही आहे.

उदाहरण आपल्याच राज्यातले घेऊ. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा विंचूदंशावरचा शोधनिबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2011 साली प्रसिद्ध झाला. कोकणातला लाल विंचू चावल्यावर त्याच्या विषामुळे मज्जातंतूंमधील, सोडियम आत सोडणारी सूक्ष्म द्वारे वेळेवर मिटत नाहीत, शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भयंकर ताण पडतो आणि काही रुग्णांच्या फुप्फुसात पाणी होऊन ते दगावतात. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, आणि डॉ. बावस्करांनी 1980च्या दशकापासून ते विंचूदंशावर वापरून असंख्य जीव वाचवले. एवढी माहिती सर्वत्र मिळते. बहुतेक विद्यार्थी आपला लेख येथेच संपवतात. वास्तविक तो येथून सुरू व्हायला हवा.

2011च्या शोधनिबंधातला प्रश्न वेगळा होता. प्राझोसिन उपयोगी पडते हे ठाऊक असताना, त्याच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष, म्हणजे विष निष्प्रभ करणारे औषध, दिले तर रुग्ण लवकर बरा होतो का? त्यासाठी 70 रुग्ण घेतले आणि कोणाला काय द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे, ठरवून 35–35 चे दोन गट केले. एका गटाला दोन्ही औषधे दिली, दुसऱ्याला केवळ प्राझोसिन. दहा तासांनी पाहिले तेव्हा दोन्ही औषधे मिळालेल्या 35 पैकी 32 जणांची लक्षणे पूर्ण गेली होती. केवळ प्राझोसिन मिळालेल्यांपैकी 8 जणांची. बरे होण्यास लागलेला सरासरी वेळ पहिल्या गटात सुमारे 8 तास होता, तर दुसऱ्यात 18 तासांच्या जवळपास.

आता येथे थांबून प्रश्न विचारा. रुग्ण कोण होते? दंशानंतर घाम, लाळ, थंड पडलेले हातपाय, वाढलेला किंवा घटलेला रक्तदाब अशी लक्षणे दिसत होती, पण हृदय, श्वसन किंवा मेंदूचा बिघाड अद्याप झालेला नव्हता, असेच रुग्ण निवडले होते. म्हणजे फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णाला प्रतिविषाचा किती उपयोग होतो, याचे उत्तर या अभ्यासात नाही. मोजले काय? दहा तासांत लक्षणे गेली की नाही, हे प्रामुख्याने मोजले. किती मृत्यू टळले हे पाहण्यासाठी हा अभ्यास रचलेलाच नव्हता. कोणाला काय दिले हे लपवले होते का? नाही, शोधनिबंधाच्या शीर्षकातच ही खुली चाचणी असल्याचे म्हटले आहे, म्हणजे कोणाला कोणते औषध मिळाले हे डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होते. घाम थांबला की नाही हे ठरवताना तपासणाऱ्याच्या मनातल्या अपेक्षेचा परिणाम होऊ शकतो, म्हणून ही गोष्ट वाचकाला सांगावीच लागते.

एवढे कळल्यावर तुमच्या लेखाचे शीर्षक ‘प्रतिविषाने विंचूदंशाचे मृत्यू टळले’ असे होणार नाही, आणि ‘प्राझोसिन निरुपयोगी’ असे तर मुळीच होणार नाही, कारण ते दोन्ही गटांना दिलेले होते. ‘प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेले रुग्ण लवकर बरे झाले’ हे शीर्षक कमी आकर्षक वाटेल, परंतु त्यातला प्रत्येक शब्द त्या तक्त्यांवर टिकतो. मला या अभ्यासाविषयी विशेष आदर वाटतो तो यासाठी की, तो महानगरातल्या एखाद्या मोठ्या संस्थेत नव्हे, तर महाडसारख्या तालुक्याच्या गावी, रात्री-अपरात्री शेतातून आणलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी केला. ही गोष्ट तुमच्या वाचकांना अवश्य सांगा. मात्र आदराच्या भरात निष्कर्ष फुगवू नका.

वाचताना क्रम असा ठेवा, असे मी सुचवेन. सारांश वाचून झाला की थेट पद्धतीच्या भागाकडे वळा, मग तक्ते पाहा, आणि लेखकांनी काढलेला निष्कर्ष सर्वांत शेवटी वाचा. तोवर तुमचा स्वतःचा निष्कर्ष तयार झालेला असेल, आणि दोहोंत फरक पडला तर तो फरक हाच तुमच्या लेखातला सर्वांत वाचनीय भाग होईल. अभ्यासाच्या मर्यादा आणि पैसा कोणी दिला याच्या नोंदी शेवटी बारीक अक्षरांत असतात; त्या वगळू नका.

आकड्यांविषयी एक इशारा द्यायला हवा, कारण चुकीच्या आकड्याने माणसांचे नुकसान होते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 1995 मध्ये औषधांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीने इशारा दिला की, नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘दुप्पट’ हा शब्द खोटा नव्हता. पण मूळ धोका सुमारे सात हजारांत एक होता आणि तो सात हजारांत दोन झाला, हे घरोघरी पोहोचलेच नाही. घाबरलेल्या असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका शब्दाची किंमत कळते. म्हणून ‘दुप्पट’, ‘निम्म्याने’, ‘पन्नास टक्क्यांनी’ असे काहीही लिहिण्यापूर्वी किती जणांत किती, हा मूळ आकडा शोधा आणि तोच आधी लिहा.

तुमच्या हाती एक गोष्ट अशी आहे जी पुष्कळ पत्रकारांकडेही नसते, आणि ती म्हणजे प्रयोगशाळेतला अनुभव. प्रतिजैविकांचा लेख पुन्हा लिहिणार असाल तर जगभरच्या संकटाच्या वर्णनाने सुरुवात न करता तुमच्या प्रात्यक्षिकातल्या पेट्री डिशपासून करा. म्युलर-हिंटन अगार या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमावर जिवाणू पसरले, त्यावर औषधाच्या चकत्या ठेवल्या, डिश रात्रभर इनक्युबेटरमध्ये राहिली आणि सकाळी चकतीभोवती जिवाणूंची वाढ न झालेले स्वच्छ वर्तुळ मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजले, हे तुम्ही स्वतः केले आहे. एकाच वर्तुळाचा व्यास दोन विद्यार्थ्यांनी वेगवेगळा मोजला, जिवाणूंचे द्रावण दाट झाले तर वर्तुळ लहान आले, हेही तुम्ही पाहिले असेल. ‘या जिवाणूवर हे औषध चालत नाही’ असे अहवालातले एक वाक्य लिहिण्यामागे किती काळजी घ्यावी लागते, हे तुमच्याइतके जवळून सांगणारा लेखक अंकाला दुसरा मिळणार नाही.

प्रश्न : इंटरनेटवर सापडणारा शोधनिबंध विश्वासार्ह आहे की नाही हे कसे ओळखावे? संदर्भ शोधण्यासाठी चॅटजीपीटीसारखी साधने वापरली तर चालतील का?
— बी.एस्सी. तृतीय वर्ष, प्राणिशास्त्र, नाशिक

उत्तर : प्रथम तो तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेला आहे का, ते पाहा. परीक्षणापूर्वीच संकेतस्थळावर ठेवलेल्या निबंधाला प्रीप्रिंट म्हणतात. जानेवारी 2020च्या अखेरीस भारतातल्याच काही संशोधकांनी नव्या करोना विषाणूच्या प्रथिनात एचआयव्हीशी साम्य असलेले तुकडे आढळल्याचा दावा एका प्रीप्रिंटमध्ये केला. इतके आखूड तुकडे अनेक सजीवांच्या प्रथिनांतही सापडतात, असे इतर संशोधकांनी लगेच दाखवून दिले आणि दोन-तीन दिवसांतच तो मागे घेतला गेला. पण तोवर ‘मानवनिर्मित विषाणू’ची अफवा जगभर पसरली होती. प्रीप्रिंट वापरायचाच असेल तर तसे वाचकाला स्पष्ट सांगावे. छापून आलेला निबंधही पुढे मागे घेतला जाऊ शकतो, म्हणून पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत त्याच्या नोंदीशी तशी सूचना जोडलेली आहे का, तेही पाहावे. भारतातील औषधचाचणी असेल तर ती ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये शोधावी. 2009 पासून तेथे नोंदणी सक्तीची आहे, आणि आधी काय मोजायचे ठरवले होते व नंतर काय छापले, याची तुलना त्या नोंदीवरून करता येते.

चॅटजीपीटीसारखे साधन एखादी संकल्पना समजून घेण्यास उपयोगी पडेल, परंतु त्याने दिलेला संदर्भ जसाच्या तसा उतरवू नका. लेखकांची नावे, नियतकालिक, वर्ष सारे खरे वाटावे असे असते आणि प्रत्यक्षात तसा निबंध अस्तित्वातच नसतो, असे घडते. जो निबंध तुम्ही स्वतः उघडून वाचला नाही, त्याचा हवाला देऊ नये.

प्रश्न : माझ्या मामेबहिणीला सिकलसेल आहे. तिच्यावर लेख लिहायचा आहे. नाव बदलले तर पुरेसे आहे ना?
— बी.एस्सी. प्रथम वर्ष, जि. नंदुरबार

उत्तर : पुरेसे नाही. लेखाखाली तुमचे नाव येणार आणि लेखात ‘मामेबहीण’ असा उल्लेख असणार, तेव्हा तुमच्या गावात ती कोण हे ओळखायला कोणाला क्षणही लागणार नाही. शिवाय सिकलसेल हा रक्ताचा आजार आनुवंशिक आहे. सिकलसेल ॲनिमिया होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही यावे लागते. म्हणजे बहिणीचा आजार छापताना तुमचे मामा-मामी किमान वाहक आहेत, म्हणजे दोघांकडेही निदान एक सदोष जनुक आहे, हेही तुम्ही गावाला सांगत असता. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्य वाहक असण्याची शक्यता निम्मी असते, त्यामुळे तिच्या भावंडांविषयीही कुजबुज सुरू होते आणि लग्न ठरवताना ती त्यांच्या आड येते. वाहक व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते, हे समजून घेणारे लोक अजून कमी आहेत.

तरीही लिहायचे असेल तर आधी मामा-मामींशी आणि बहिणीशी स्वतंत्रपणे बोला. लेख कोठे छापला जाईल, तो इंटरनेटवर राहील का, हे त्यांना सांगा. तुम्ही घरातलेच असल्यामुळे त्यांना नकार देणे जड जाईल, याची जाणीव ठेवा आणि त्यांनी अर्धवट मनाने दिलेला होकार होकार समजू नका. अनुमती मिळाली नाही तर विषय सोडण्याची गरज नाही. गावोगावी होणाऱ्या तपासणीतली सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरवण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी करावी लागते. पहिली चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे आजार झाला, असे समजून कुटुंबे हादरून जातात. या दोन चाचण्यांमधला फरक तुमच्या भागातल्या वाचकांना सोप्या भाषेत कळला, तर त्याचा उपयोग तुमच्या बहिणीच्या कहाणीइतकाच होईल. आणि अनुमती मिळाली, तर छपाईला देण्यापूर्वी संपूर्ण लेख बहिणीला वाचून दाखवा, ती सांगेल ते वाक्य कारण न विचारता काढा, आणि अंक छापखान्यात जाईपर्यंत लेख मागे घेण्याचा हक्क तिच्याकडे राहू द्या.