तापीकाठच्या माणसाच्या हाती शीड

प्रश्न : ताई, यंदा केळीला बरा भाव मिळाला म्हणून बायको-मुलांना घेऊन मॉरिशसला जाऊन आलो. हॉटेलच्या किनाऱ्यावर शिडाची बोट होती, दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी आणि मधे जाळी ताणलेली. तिथल्या पोराने थोड्या वेळाने सुकाणूची दांडी माझ्याच हातात दिली. इंजिन नाही, आवाज नाही, तरी बोट पळतेय! आल्यापासून दुसरं काही सुचत नाही. घरचे म्हणतात, चार दिवसांचं खूळ आहे. वय ४२, पोहणं विहिरीत शिकलोय. खरंच शिकता येईल का? आणि सराव हतनूर धरणात केला तर?
– एक केळी उत्पादक, सावदा (ता. रावेर)

उत्तर : दादा, शिकता येईल. मीही तुमच्याच जळगाव जिल्ह्यातली, चोपड्याची. तिशी उलटल्यावर मुंबईच्या बंदरात पहिल्यांदा शिडाची दोरी धरली, ती अजून सोडलेली नाही. घरच्यांना हे जरूर वाचून दाखवा.

मॉरिशसला ते इतकं सहज का जमलं, हे आधी समजून घ्या. त्या बेटाला बहुतेक सगळीकडून प्रवाळाचा बांध आहे. मोठ्या लाटा बाहेरच त्याच्यावर फुटतात, आतलं पाणी शांत राहतं. आग्नेयेकडून येणारा व्यापारी वारा तासन् तास दिशा बदलत नाही. भरती-ओहोटीत पाणी जेमतेम अर्धा-पाऊण मीटर वर-खाली होतं. त्यात तुमची बोट दोन सांगाड्यांची, म्हणजे रुंद आणि सहसा न कलंडणारी. नवशिक्याला घाबरवणारं तिथे फारसं काही नव्हतंच. अशा बेटावर माणूस शिडाच्या प्रेमात पडतो, आणि ते प्रेम खरं असतं. फक्त मुंबईत तसंच पाणी मिळेल, असं समजून येऊ नका. इथे उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्याची ओढ बोटीला जाणवते, शिवाय घारापुरीच्या लाँचा मधूनच जातात. सकाळी वारा पडलेला असतो. जमीन तापली की दुपारी खारे वारे सुटतात आणि मग खरी मजा येते.

पण एक गोष्ट तुम्ही घरूनच घेऊन येणार आहात. वाऱ्याची पारख. मे-जूनच्या वावटळीत निसवलेली, म्हणजे घड आलेली बाग आडवी होऊ नये म्हणून बांधावर शेवरी लावणाऱ्या माणसाला वारा कुठून येतो, कधी फिरतो, झोत येण्याआधी काय हलतं, हे शिकवावं लागत नाही. मुंबईची हुशार मुलं पहिले काही दिवस यातच अडकतात. मला आमच्या बागेतल्या पानांनी हे आधीच शिकवलं होतं. म्हणून खानदेशातून कुणी शिकायला निघालं की मला फार आनंद होतो.

आता शीड जवळून पाहा. डोलकाठीला लागून असलेली त्याची कड फडफडू लागली, तर समजा की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याच्या दिशेच्या फार जवळ गेली. मग एक तर दोरी ओढून शीड आत घ्यायचं, नाहीतर सुकाणूने नाळ वाऱ्यापासून जराशी लांब न्यायची. फडफड थांबते, शिडाला पोट येतं, आणि बोट पुढे सरकलेली बुडाखाली जाणवते. वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलीच शिडाची बोट जात नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडून नागमोडी जावं लागतं. वारा बाजूला ढकलतो, आणि बोटीखाली पाण्यात उभी असलेली फळी ते ढकलणं अडवते, म्हणून बोट पुढे जाते. एवढं अंगात मुरलं की बाकी सरावाचा भाग.

वारा पाठीमागून असेल तेव्हा मात्र शिडाखालच्या आडव्या दांड्यावर लक्ष ठेवा. तो एका बाजूकडून दुसरीकडे वेगाने फिरतो आणि डोक्यावर बसला तर चांगलीच इजा होते.

मुंबईत सेलिंगचा हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. गेटवे-कुलाब्याच्या भागात सेलिंग क्लब आहेत. त्यांतला रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. सदस्य नसलेल्यांना कोण शिकवतं, हे आधी फोन करून विचारा. भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघालात तर सकाळी पोहोचता. डिंगीवरच, म्हणजे एक-दोघांच्या लहान उघड्या बोटीवरच शिका, मोठ्या बोटीवर चूक लवकर कळत नाही. सुरुवातीलाच बोट मुद्दाम उलटवून सरळ करायला लावतात. बोटीखालच्या त्या फळीवर उभं राहायचं, बोटीची कड धरायची आणि मागे रेलायचं. विहिरीत पोहलेला माणूस घाबरणार नाही, तरी लाइफजॅकेट अंगावर हवंच.

हतनूरला एकट्याने, परवानगीशिवाय अजिबात नको. दरवाजे उघडले की पाण्याची ओढ बदलते, आणि बोट उलटली तर मदतीला दुसरी बोट नसते. या बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही. धरणाच्या पाण्यावर शिडं दिसावीत असं मलाही मनापासून वाटतं, पण त्यासाठी आधी शिकलेली माणसं हवीत, सोबत बचावाची बोट हवी आणि जलसंपदा खात्याची लेखी परवानगी हवी.

प्रश्न : आमच्याकडे डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, पण पाणी नाही. दहा वर्षांच्या मुलीला शिडाची बोट शिकायची आहे. समुद्र गाठावाच लागेल का?
– एक शिक्षिका, साक्री (जि. धुळे)

उत्तर : नाही, बाई. हैदराबादला समुद्र नाही, तरी हुसेनसागर तलावावर मुलं शिकतात आणि ऐन जुलैत, पावसाळी वाऱ्यावर, तिथे शर्यती होतात. तिच्या वयाला ‘ऑप्टिमिस्ट’ ही बोट योग्य. २.३ मीटर लांब, एकच शीड, आत एकच मूल. त्या वर्गात १५ वर्षांपर्यंत शर्यती खेळता येतात, म्हणजे तिच्या हाताशी भरपूर वेळ आहे. मुलगी म्हणून कुणी शंका काढली, तर सांगा की २०१७-१८मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आधी तिला पोहायला शिकवा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या वर्गांची चौकशी फेब्रुवारीतच करा.